‘पुल अप’नंतर स्पष्टीकरण मागू नका

प्रति,
विमान कंपन्यांचे उड्डाण, प्रशिक्षण आणि सुरक्षा विभागप्रमुख

विषय: जमीन जवळ आल्याचा इशारा आणि त्यानंतरची चौकशी

स.न.वि.वि.

गेली अकरा वर्षं मी सिम्युलेटरवर वैमानिकांच्या सहामाही तपासण्या घेतो आहे. इंजिन बंद पडणं, आडवा वारा, कॉकपिटमधला धूर, या प्रत्येक प्रसंगात कधी ना कधी कुणीतरी अडखळलेलं मी पाहिलं आहे. ‘पुल अप’च्या, म्हणजे जमीन जवळ आल्याचं यंत्रानं सांगताच विमान वर खेचण्याच्या, सरावात मात्र आजवर एकालाही नापास करावं लागलेलं नाही. सगळे उत्तीर्ण होतात. त्या शंभर टक्के निकालाची मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

सगळे उत्तीर्ण होतात, कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं. सत्राच्या कागदावर छापलेलं असतं, की तिसऱ्या फेरीत डोंगर येणार. खुर्चीत बसलेला माणूस आवाजाची वाट बघत असतो. ‘टेरेन, टेरेन, पुल अप’ हे शब्द कानावर पडले की हात आपोआप चालतात. ऑटोपायलट बंद, इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल बंद, थ्रस्ट म्हणजे इंजिनांचा जोर पूर्ण पुढे, पंख समतल, नाक २० अंशांपर्यंत वर, स्पीडब्रेक, म्हणजे पंखांवरच्या हवा अडवणाऱ्या फळ्या, मिटलेले आहेत ना याची खात्री. डोंगर तरीही जवळच असेल, तर नाक आणखी वर, अगदी स्टिक शेकर, म्हणजे आता याहून वर नको असं सांगणारा हातातला दांडा, थरथरू लागेपर्यंत. धोका सरेपर्यंत गिअर (चाकं) आणि फ्लॅप (पंखांच्या कडेच्या झडपा) यांना हात लावायचा नाही. शेजारच्यानं रेडिओ अल्टिमीटरवरची उंची मोठ्यानं सांगत राहायची. एअरबसवर हेच काम साइडस्टिक पूर्ण मागे ओढून होतं. प्रकार कोणताही असो, हातांना हे सगळं पाठ आहे. पण खऱ्या उड्डाणात हात हलण्याआधी मनाला एक गोष्ट मान्य करावी लागते, की आपण जिथे आहोत असं समजतो आहोत, तिथे आपण नाही. ती सिम्युलेटरमध्ये कुणालाच मान्य करावी लागत नाही, कारण तिथे ती ठरलेलीच असते.

या धंद्याबाहेरचे लोकही हे पत्र वाचतील, म्हणून थोडं मागे जातो. विमान धडधाकट, इंजिनं चालू, चालक शुद्धीवर, आणि तरीही विमान सरळ जमिनीवर किंवा पाण्यात जाऊन आदळतं, अशा अपघाताला आम्ही ‘सीफिट’ म्हणतो. ‘कंट्रोल्ड फ्लाइट इन्टू टेरेन’चं ते लघुरूप. एके काळी जेट विमानांच्या मोठ्या अपघातांमध्ये हाच प्रकार सर्वांत जीवघेणा होता. कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय म्हणून एक यंत्र घडवायला घेतलं. विमानाच्या पोटाखालचा रेडिओ अल्टिमीटर जमिनीपर्यंतचं अंतर मोजतो, साधारण अडीच हजार फुटांपर्यंत. ते अंतर फार वेगानं घटत असेल, विमान प्रमाणाबाहेर खाली येत असेल, किंवा गिअर आणि फ्लॅप न उघडता जमीन जवळ आली असेल, तर यंत्र बोलतं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरणारं टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं बोइंग ७२७ व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं आणि ९२ जण गेले. त्यानंतर अमेरिकेनं मोठ्या प्रवासी विमानांवर हे यंत्र सक्तीचं केलं.

त्या पहिल्या पिढीच्या यंत्राची एक मोठी उणीव होती. ते फक्त खाली बघायचं, पुढे नाही. समोर एकदम उभा चढ आला तर त्याला तो शेवटच्या क्षणी कळायचा. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबसवर एअर न्यूझीलंडचं डीसी-१० आदळलं, तेव्हा इशारा आणि धडक यांच्यात सहा-एक सेकंदच होते. कॅप्टननं शांतपणे गो-अराउंडची, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याची, पॉवर मागितली होती. २५७ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. पांढऱ्या ढगाखाली पांढरा उतार पसरलेला होता आणि चालकांना समोर मोकळं दिसत होतं. त्या सहा सेकंदांत आणखी काही करता आलं असतं, असं मला वाटत नाही.

बेटमन आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले भूभागाचे तपशीलवार नकाशे त्यांनी मिळवले, जगाच्या डोंगरदऱ्यांची माहिती यंत्रात भरली आणि तिला जीपीएसची जोड दिली. १९९६ पासून हे सुधारित यंत्र विमानांवर बसू लागलं. ते पुढे बघतं. धडकेच्या सुमारे ६० सेकंद आधी सावध करतं आणि सुमारे ३० सेकंद आधी ‘पुल अप’ सांगतं. बेटमन २०२३ साली गेले. त्यांच्या यंत्रामुळे किती माणसं जिवंत आहेत हे कुणालाच मोजता येणार नाही, कारण न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. ते नीट मांडण्यासाठी मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

मी सहवैमानिक असताना एका डोंगराळ भागातल्या विमानतळावर रात्री उतरत होतो. यंत्र म्हणालं, ‘टेरेन, टेरेन’. कॅप्टन माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इथे वाजतंच ते." आणि खरंच काही झालं नाही. आम्ही उतरलो, कागद भरले, खोलीवर जाऊन झोपलो. नोंद ना त्यांनी केली, ना मी. त्या रात्री मी एक धडा शिकलो, जो कुठल्याही पुस्तकात नव्हता: काही ठिकाणी हा आवाज खोटा असतो आणि अनुभवी माणसाला तो ओळखता येतो.

बारा-तेरा वर्षांनी मी डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत होतो. पुन्हा रात्र होती आणि आम्ही ढगात होतो. नियंत्रकानं दिलेली उंची आम्ही चुकीची ऐकली आणि चुकीचीच परत वाचून दाखवली. त्याच्याही ते ध्यानात आलं नाही. ‘टेरेन, टेरेन’. माझ्या तोंडून तेच जुनं वाक्य अर्धं बाहेर पडलं होतं, "इथे वाजतं..." शेजारची सहवैमानिक वयानं माझ्या निम्मी असेल. ती म्हणाली, "कॅप्टन, आपण ढगात आहोत." एवढंच म्हणाली. मग ‘पुल अप’ आलं आणि मी विमान खेचलं. मागे एक ट्रॉली घसरली आणि केबिनमधल्या एका सहकाऱ्याचा घोटा दुखावला. आम्ही वर गेलो, पुन्हा फिरून आलो आणि उतरलो.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या कार्यालयातून पत्र आलं. छापील नमुना होता, सात प्रश्नांचा. इंधन किती जास्त लागलं, प्रवाशांना काय सांगितलं, दुखापत कशी झाली, वगैरे. पाचवा प्रश्न असा होता: ‘आपण ही कृती केली नसती तर विमान जमिनीला धडकलं असतं असं आपल्याला कशावरून वाटतं?’

त्या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसून राहिलो. मला उत्तर देता येत नव्हतं. उंची चुकीची होती हे कळलं होतं. पण धडकलोच असतो का? पुढच्या दहा सेकंदांत नियंत्रकाच्या लक्षात आलं असतं का? ढग फाटून काही दिसलं असतं का? मला माहीत नव्हतं आणि माहीत होण्याचा मार्गही नव्हता. विमान वेळेवर वर नेलं की पुरावा तिथेच संपतो. ज्याचा अंदाज चुकला त्याचा पुरावा डोंगरावर मिळतो. ज्याचा बरोबर आला त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं, फक्त जास्तीचं जळलेलं इंधन आणि एक सुजलेला घोटा.

मला खात्री आहे की तो नमुना तयार करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कुठल्याही असामान्य घटनेला लावायचे ते प्रश्न होते. पण त्या पत्राची बातमी आमच्या ताफ्यात पसरली, आणि पुढच्या वेळी यंत्र बोललं तेव्हा कुणा कुणाच्या मनात तो पाचवा प्रश्न आला असेल, याचा विचार मी अजून करतो. माणसाला पुरावा द्यावा लागणार असेल, तर तो आधी पुरावा शोधतो. स्क्रीनवरचा नकाशा बघतो, खिडकीबाहेर बघतो, शेजाऱ्याला विचारतो, नियंत्रकाला विचारतो. हे सगळं तो जबाबदारीनंच करत असतो. आणि त्यात सेकंद जातात.

सेकंदांचा हिशेब करून बघा. १५० नॉट (ताशी सुमारे २७८ किलोमीटर) वेगानं विमान सेकंदाला सुमारे ७७ मीटर पुढे जातं. मिनिटाला २,००० फूट या दरानं खाली येत असेल तर पाच सेकंदांत १६० फुटांहून जास्त उंची जाते. उतरताना इंजिनं बहुधा आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, असतात. लिव्हर पुढे ढकलल्यापासून पूर्ण जोर यायला काही सेकंद लागतात. विमानाच्या प्रमाणीकरणाच्या नियमांत यासाठी आठ सेकंद गृहीत धरलेले आहेत. नाक वर केल्यावरही इतक्या टनांचं वजन लगेच वर वळत नाही, आधी खाली येणं थांबावं लागतं. म्हणजे यंत्रानं दिलेल्या तीस सेकंदांतून विमानाचा स्वतःचा वाटा वजा केला की चालकाच्या विचारासाठी काय उरतं, हे तुम्हीच बघा. आणि हे तीस सेकंद चांगल्या परिस्थितीतले. उतार तीव्र असेल, वळणात असाल, तर तेवढेही मिळत नाहीत.

२० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७ डोंगरावर आदळलं. १६३ जणांपैकी चौघेच वाचले. त्या विमानावर जुन्या पिढीचं यंत्र होतं आणि इशारा धडकेच्या सुमारे १२ सेकंद आधी वाजला. दोन्ही वैमानिकांनी वेळ घालवला नाही. त्यांनी ऑटोपायलट सोडवला, जोर दिला, नाक वर केलं. पण खाली उतरताना उघडलेले स्पीडब्रेक तसेच उघडे राहिले. ते लगेच मिटले असते तर विमान कदाचित माथ्यावरून निघून गेलं असतं, असं चौकशीतल्या गणितानं दाखवलं. ठरलेल्या तपासणीबाहेर सिम्युलेटरमध्ये मी हा प्रसंग देतो तेव्हा स्पीडब्रेक मुद्दाम उघडे असताना देतो. दहापैकी किती जण विसरतात ते इथे लिहीत नाही, कारण तो आकडा माझ्या एकट्याच्या वहीतला आहे. पण विसरतात. नेहमीचा सराव कोऱ्या विमानावर घेतला जातो, म्हणजे गिअर वर, स्पीडब्रेक मिटलेले, डोकं ताजं. खरा इशारा मात्र माणूस उशिरानं उतरतो आहे, उंची जास्त आहे, ती घालवण्यासाठी स्पीडब्रेक ओढलेले आहेत आणि डोकं भलत्याच हिशेबात गुंतलं आहे, अशा वेळी येतो.

पुरावा शोधणाऱ्या माणसाचं काय होतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण ९ मे २०१२ चं आहे. इंडोनेशियात सुखोई सुपरजेट या नव्या प्रकारचं विमान ग्राहकांना दाखवण्यासाठी उडवलं जात होतं. कॉकपिटमध्ये एक पाहुणाही होता आणि बोलणं चाललं होतं. ढगांत माउंट सलाक होता. यंत्रानं धडकेच्या ३८ सेकंद आधी पहिला इशारा दिला. कॅप्टनला वाटलं, नकाशाच्या माहितीत चूक असावी, आणि त्यांनी इशारा बंद केला. चौकशीत तोच प्रसंग सिम्युलेटरवर पुन्हा उभा केला गेला. पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत जरी विमान वर खेचलं असतं तरी डोंगर टळला असता. ४५ माणसं होती. तो कॅप्टन अननुभवी नव्हता. त्याच्यापाशी एक स्पष्टीकरण तयार होतं, पटण्यासारखं. म्हणूनच ते घातक ठरलं.

माझ्या जुन्या कॅप्टनांचं ‘इथे वाजतंच ते’ हेही तसंच पटण्यासारखं होतं.

आता हुद्द्याबद्दल. २८ जुलै २०१० रोजी इस्लामाबादजवळच्या मरगल्ला टेकड्यांवर एअरब्लू या पाकिस्तानी कंपनीचं एअरबस ए३२१ आदळलं, १५२ जण गेले. इशारे एक-दोन सेकंद नव्हे, मिनिटाहून जास्त वाजत होते. सहवैमानिकाला धोका कळला होता. तो कॅप्टनला ‘सर’ म्हणत वळायला आणि वर खेचायला सांगत राहिला. चौकशी अहवालात एक गोष्ट नोंदलेली आहे: उड्डाणाच्या सुरुवातीच्या काळात कॅप्टननं त्याची परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारून, कठोर शब्दांत बोलून त्याला खच्ची केलं होतं. मग शेवटच्या मिनिटात त्यानं विनंतीच केली, विमानाचा ताबा घेतला नाही. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ७ मार्च २००७ रोजी इंडोनेशियातल्या योग्याकार्तात गरुडा या विमान कंपनीचं ७३७ फार वेगात उतरलं. इशारा १५ वेळा वाजला, सहवैमानिकानं गो-अराउंड सुचवलं, कॅप्टन उतरतच गेले. धावपट्टीपलीकडे विमान पेटलं आणि २१ जण दगावले. २२ मे २०१० रोजी मंगळुरूच्या टेबलटॉप धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७ उतरलं, तेव्हा सहवैमानिकानं तीन वेळा गो-अराउंड म्हटलं होतं आणि यंत्रानंही अनेकदा इशारे दिले होते. १५८ जण गेले, आठ वाचले. बरोबर दहा वर्षांनी, २२ मे २०२० रोजी कराचीत पीआयए या पाकिस्तानी कंपनीच्या ए३२० नं प्रमाणाबाहेर उंचीवरून आणि वेगानं धावपट्टी गाठण्याचा प्रयत्न केला. तिथेही यंत्र बोलत होतं.

शेवटच्या तिन्ही घटनांमध्ये डोंगर नव्हता. धावपट्टी समोर दिसत होती. म्हणूनच ‘सिंक रेट’ (फार वेगानं खाली येता आहात) किंवा ‘टू लो’ (फार खाली आहात) हे शब्द नुसता त्रास वाटू लागतात. मनात असतं, दिसतंय ना सगळं, उतरतोच आहोत. यंत्र मात्र डोंगराबद्दल बोलत नसतं. ते म्हणत असतं, की या दरानं, या उंचीवर, विमान उतरण्याच्या स्थितीत नाही. माझ्या मते स्थिर नसलेल्या अप्रोचमध्ये, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ‘सिंक रेट’ वाजला की ती गो-अराउंडची आज्ञाच समजली पाहिजे. काही जणांना हे फार कडक वाटेल. वाटू दे.

तुमच्यापैकी काही जणांनी माझ्याशी बोलताना दुसरी बाजू मांडली आहे. ती खरी आहे, म्हणून टाळत नाही. प्रत्येक आवाजाला विमान एकदम वर खेचायचं म्हटलं तर मागे उभी असलेली माणसं पडतात, वरच्या उंचीवर दुसरं विमान असू शकतं, इंधनाचा हिशेब बिघडतो. शिवाय दिवसाउजेडी, ढगाबाहेर, जमीन स्वच्छ दिसत असेल आणि धोका नाही याची डोळ्यांनी आधीच खात्री झाली असेल, तर उत्पादकांच्या पुस्तकातही अप्रोच चालू ठेवायला मुभा आहे. त्या मुभेशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ही मुभा हळूहळू पसरत जाते त्याच्याशी. दिवसासाठी दिलेली सवलत संध्याकाळी वापरली जाते, मग चांदण्या रात्री, मग पातळ ढगात. आणि ‘आधीच’ या शब्दाकडे कुणी बघत नाही. खात्री इशाऱ्याच्या आधी झालेली असायला हवी. इशारा वाजल्यावर खिडकीबाहेर बघून केलेली खात्री त्या सवलतीत बसत नाही.

यात अलीकडे एक नवी अडचण आली आहे, आणि तिच्याकडे तुमच्यापैकी फार थोड्यांनी गांभीर्यानं बघितलं आहे. २०२३ च्या उत्तरार्धापासून अनेक भागांत जीपीएसचे खोटे संकेत सोडले जात आहेत. विमानाला आपण भलतीकडेच आहोत असं वाटू लागतं आणि यंत्र उंच आकाशात, जिथे मैलोगणती डोंगर नाही तिथे, ‘पुल अप’ ओरडतं. चालकांना नाइलाजानं पुढे बघणारा भाग बंद ठेवावा लागतो. एकेका वैमानिकाला एका महिन्यात असे कितीतरी खोटे आवाज ऐकायला मिळाले, तर खरा आवाज येईल तेव्हा त्याच्या मनात काय उठेल? ‘इथे वाजतंच ते.’ जे वाक्य एका विमानतळापुरतं होतं ते आता अर्ध्या आकाशाला लागू झालं आहे. शिवाय बंद केलेला भाग उतरण्याआधी पुन्हा चालू करायचा राहून गेला, तर रेडिओ अल्टिमीटरवर चालणारा जुना भागच उरतो, म्हणजे आपण १९७५ सालात परत जातो.

आणि यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंही नाही. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाकडे येणाऱ्या एका ए३२० ला नियंत्रकानं हवेच्या दाबाचा आकडा (त्यावरूनच विमान आपली उंची ठरवतं) चुकीचा दिला, १००१ ऐवजी १०११. दहा हेक्टोपास्कलच्या या चुकीनं विमान सुमारे २८० फूट खालून येत राहिलं. पावसात, ढगात, धावपट्टीच्या अलीकडे ते जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आलं आणि मग वर गेलं. जमीन इतकी जवळ आली आहे हे चालकांना कळलंही नव्हतं. विमानातलं यंत्र एकदाही बोललं नाही. नियंत्रण कक्षातला इशारा वाजला, पण त्याचा चालकांना उपयोग झाला नाही. दाबाचा आकडा दोघांनी स्वतंत्रपणे पडताळण्याची, रेडिओ अल्टिमीटरच्या ‘एक हजार’ या पुकाऱ्याची बॅरोमीटरच्या उंचीशी सांगड घालण्याची सवय लावायला पैसे लागत नाहीत.

तर मला तुमच्याकडून काय हवं आहे?

सर्वांत आधी, लेखी स्वरूपात आणि तुमच्या सहीनं, एक आश्वासन. रात्री किंवा ढगात ‘पुल अप’ ऐकून ज्यानं विमान वर नेलं, त्याला ‘का’ हा प्रश्न कधीही विचारला जाणार नाही. विमानातली नोंद तुमच्याकडे येतेच, ती वाचा. त्यावरून विमान तिथे कसं पोहोचलं हे शोधा, नियंत्रकाशी बोला, नकाशे तपासा. चूक आधीच्या टप्प्यात झाली असेल तर ती जरूर सांगा. मीसुद्धा चुकीची उंची ऐकली होती आणि ती चूक माझीच होती. पण वर जाण्याच्या निर्णयाची चौकशी नको.

दुसरं, सराव वाईट वेळी घ्या. सत्राच्या कागदावर न छापता. कंटाळवाण्या, तिसऱ्या-चौथ्या अप्रोचमध्ये, स्पीडब्रेक उघडे असताना, चालक रेडिओवर बोलत असताना. आधी एखादं पटण्यासारखं निमित्त पेरून ठेवा, म्हणजे ‘आज जीपीएसमध्ये गडबड आहे’ असा निरोप द्या आणि मग खरा इशारा द्या. पहिल्यांदा पुष्कळ जण चुकतील. चुकू द्या, नापास करू नका, पुन्हा करून घ्या. आणि कधीतरी डाव्या खुर्चीतल्याला सांगून ठेवा, की तू आज काहीच करायचं नाहीस. उजव्या खुर्चीतल्याला काहीही सांगू नका. तो किती वेळा ‘सर’ म्हणतो आणि कितव्या वेळी हात पुढे करतो, ते मोजा. ‘पुल अप’ वाजल्यावर कॅप्टनचे हात लगेच हलले नाहीत तर सहवैमानिकानं ताबा घ्यायचा, हे पुस्तकात असून भागत नाही. ते त्यानं निदान एकदा प्रत्यक्ष केलेलं असलं पाहिजे. आणि नंतर त्या कॅप्टननं सगळ्यांसमोर त्याचे आभार मानलेले असले पाहिजेत.

तिसरं, ‘इथे वाजतंच’ अशी ठिकाणं शोधून काढा. प्रत्येक ताफ्यात दोन-तीन असतातच आणि सगळ्यांना तोंडपाठ असतात. एखाद्या विमानतळावर वारंवार खोटा इशारा येत असेल तर कारण सापडतं. कधी नकाशाची माहिती जुनी असते, कधी सॉफ्टवेअर मागच्या पिढीचं असतं, कधी आपलीच उतरण्याची पद्धत फार खालून जाते. यंत्र बनवणाऱ्यांकडे कळवा, माहिती अद्ययावत करा, पद्धत बदला. ते होईपर्यंत ब्रीफिंगमध्ये ‘इथे वाजतं, लक्ष देऊ नका’ हे वाक्य उच्चारायला बंदी करा.

माझ्या त्या पत्रातल्या पाचव्या प्रश्नासमोर शेवटी मी ‘माहीत नाही’ एवढंच लिहून सही केली होती. सहवैमानिकेलाही तोच नमुना गेला होता. तिनं ती जागा कोरी ठेवली. त्या कोऱ्या जागेबद्दल तिला पुन्हा कार्यालयात बोलावलं गेलं. ढगात आहोत हे आम्हा दोघांपैकी फक्त तिनं बोलून दाखवलं होतं. तुमच्या कपाटात असा छापील नमुना असेल तर तो आज बाहेर काढा आणि तो प्रश्न खोडून टाका.

कळावे,
आपला,
एक सिम्युलेटर प्रशिक्षक